कुरणशाळा आणि मराठीचा वर्ग

आम्ही मराठी विषय घेऊन पदवीधर झालो ते बरेचसे ‘वाङ्मयीन विशेष’ या शीर्षकाखाली पाच मुद्दे लिहिण्याच्या बळावर. पुस्तक कोणतेही असो, मुद्दे तेच. प्राध्यापक आपली जुनी वही उघडीत, आम्ही आमची नवी. मूळ पुस्तक उघडण्याचा प्रसंग क्वचितच येई. अशा वर्गाविषयीची तक्रार खरीच आहे. पण तक्रार करता करता तीन वर्षे निघून जातात, आणि त्या तीन वर्षांचे करायचे काय हा प्रश्न शिल्लकच राहतो. तो मनात आला की आम्हाला डहाणूजवळच्या कोसबाडची टेकडी आठवते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आरंभलेले बालशिक्षणाचे काम 1957 मध्ये कोसबाडला आले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येणे शक्य नव्हते; त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली, तीच कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले, पाने चालली. मुलाच्या हाताशी जे आहे तेथून शिकणे सुरू होते, हा त्यामागचा विचार.

येथे आमच्याच दाखल्यातली अडचण कबूल केली पाहिजे. कुरणात गेला तो शिक्षक. आम्ही मात्र तेच कष्ट विद्यार्थ्याने घ्यावेत असे सुचवीत आहोत, आणि त्यामुळे कंटाळवाण्या प्राध्यापकाची जबाबदारी तिळभरही कमी होत नाही. शिवाय आडगावाहून एसटीने येणाऱ्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात पोचलेल्या मुलीला त्या नोट्स हाच आधार असतो. ‘नोट्स फेकून द्या’ असे तिला सांगणे ही पोट भरलेल्यांची चैन झाली. नोट्स घ्याव्यात, परीक्षाही द्यावी. पण हाताशी जे आहे त्याकडेही पाहावे.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) हे पुस्तक घेऊ. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक 1945 च्या वारली लढ्याविषयी आहे आणि तो घडला तो याच तलासरी-डहाणूच्या भागात. नोट्समध्ये त्याचे ‘सामाजिक जाणीव’, ‘साधी भाषा’ एवढेच उरते. आता त्यातला ‘लग्नगडी’ हा एकच शब्द घ्या. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याकडे राबत राहायचे. त्या वेठीतल्या माणसाचे हे नाव. ‘लग्न’ आणि ‘गडी’ हे दोन साधे शब्द शेजारी ठेवून एवढी भयंकर गोष्ट सांगणारी भाषा खरोखर ‘साधी’ म्हणावी काय? तलासरीच्या विद्यार्थ्याने हा शब्द घरी जाऊन आजीला विचारावा. तिला तो ठाऊक असेल, नसेल, किंवा ती गप्प बसेल. तिन्ही परींनी त्याला त्या पुस्तकाविषयी असे काही कळेल जे बाजारातल्या गाइडात नाही.

लोकसाहित्याच्या पेपराचेही तसेच. वारली लग्नात धवलेरी गाते आणि विधीही तीच चालवते. जिच्या नात्यातल्या लग्नात धवलेरीला बोलावतात, ती विद्यार्थिनी वर्गात मात्र ‘लोकगीतांचे प्रकार’ उतरवून घेते आणि आपल्याला या विषयातले काही येत नाही असे समजते. आम्हाला हे नीरस व्याख्यानाहूनही अधिक खुपते.

एकट्याने हे निभत नाही. चौघे-पाच जण जमवावेत, नेमलेले एक तरी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचावे, आणि अडलेली नेमकी ओळ घेऊन प्राध्यापकांकडे जावे. आमच्यापैकी काही जण असे गेलो होतो. एका सरांनी ‘हे परीक्षेला येत नाही’ म्हणून वाटेला लावले. दुसऱ्यांनी ओळ दोनदा वाचली, वही मिटली आणि ‘बसा’ म्हणाले. त्या दिवशी आमची शेवटची गाडी चुकली.