नाकारलेल्या व्हिसाचे पैसे

युरोपच्या सहलीचा बेत ठरला की घरात पहिला हिशेब होतो तो विमानाच्या तिकिटाचा आणि हॉटेलच्या भाड्याचा. शेंगेन गटातले देशही पाहुण्याच्या खर्चाचा हिशेब मांडतात, आणि तो उघड असतो. दिवसाला किमान किती पैसे हाताशी हवेत, याचा जर्मनीचा आकडा ४५ युरो आहे. फ्रान्सचा हॉटेलचं आरक्षण असेल तर ६५, नसेल तर १२०. स्वित्झर्लंडचा १०० फ्रँक. वर ३० हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा. आपल्या खिशाला हे जड वाटतं खरं, पण तिथल्या महागाईपुढे ते अवाजवी नाही. झुरिकमध्ये १०० फ्रँकांत दिवस भागवणाऱ्याला तर काटकसरीचं बक्षीसच द्यायला हवं. या अटींवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो अर्ज फेटाळल्यावरही पूर्ण फी ठेवून घेण्यावर.

११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ही फी ८० वरून ९० युरो झाली. म्हणजे जर्मनीच्याच हिशेबाने दोन दिवसांचा राहण्याखाण्याचा खर्च. अर्ज घेणाऱ्या खासगी केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि बोटांचे ठसे द्यायला नांदेड-कोल्हापूरहून मुंबई-पुण्याची खेप वेगळी. २०२४ मध्ये भारतातून ११ लाखांवर अर्ज गेले आणि सुमारे १ लाख ६५ हजार फेटाळले गेले. फीची सवलत मिळालेले काही वगळले तरी शंभर कोटींहून जास्त रुपये न झालेल्या प्रवासांपायी गेले. नकाराचं पत्र छापील असतं, ठरलेल्या कारणांपैकी एखाद्यापुढे खूण केलेली. त्यातलं एक कारण असं, की मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल रास्त शंका आहे. बँकेतली शिल्लक दाखवता येते, पगाराची पावती दाखवता येते. परतण्याचा इरादा कोणत्या कागदावर दाखवायचा? अपिलाची सोय कायद्यात आहे, पण जर्मनीने फेरविचाराची साधी वाट १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता कोर्टात जा, नाहीतर पुन्हा ९० युरो भरून नवा अर्ज करा.

यावर उत्तर ठरलेलं आहे: फी व्हिसाची नसून तपासणीची आहे, आणि तपासणी तर नकारातही होतेच. मुद्दा खरा आहे, म्हणून सगळी रक्कम परत मागणं बरोबर नाही. पण जिथे तपासणीचा निष्कर्ष एका खुणेत सांगितला जातो, तिथे निम्मी फी परत द्यावी किंवा वर्षभरातला दुसरा अर्ज विनाशुल्क घ्यावा, एवढं मागणं रास्त ठरतं. मुदत उलटून राहणाऱ्यांची भीतीही खोटी नाही. मात्र तिच्यावरचा चांगला उपाय युरोपियन संघानेच एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी काढला: तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाने वापरणाऱ्याला दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा. इथे विश्वास मागच्या वागणुकीवर ठरतो. पहिल्यांदाच निघालेल्या माणसाकडे मात्र असं मागचं काही नसतं, आणि आधी सवलत हवी ती त्याला.

हे गाऱ्हाणं दिल्लीने ब्रसेल्सकडे न्यायला हवं, पण तिथे एक अडचण आहे. भारताच्या ई-व्हिसाची फीसुद्धा अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही.