छप्पर न मागणारी देवी

परवा तळकोकणातल्या एका गावाच्या मुंबईकर मंडळाचं पावतीपुस्तक घरी आलं. ग्रामदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. सोबत रंगीत चित्र. उंच कळस, सभामंडप, ग्रॅनाइटची फरशी, पुढे पेव्हर ब्लॉक आणि गाड्या लावायला ऐसपैस जागा. चित्रात झाड एकही नाही, आणि देवी तर आजवर राहत आली ती राईत. वर्गणी मागायला आलेला मुलगा कळकळीने म्हणाला, "काका, जागा इतकी पवित्र, पण अवस्था बघवत नाही. नुसतं रान माजलंय."

त्याच्या श्रद्धेवर मला शंका नाही. पण ज्याला तो रान म्हणतो, त्याच्यामुळेच ती जागा पवित्र होती.

आपल्याकडे पावित्र्य दोन तऱ्हांनी पाळलं जातं, आणि दोहोंचं फळ अगदी उलटं आलेलं आहे. नदी पवित्र म्हणजे ती सगळ्यांचा मळ धुते, तिला विटाळ होत नाही. म्हणून नाशिकच्या रामकुंडात अस्थी, निर्माल्य घाटावरून थेट पाण्यात, आणि आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत असताना त्याच पाण्यात वारकऱ्याचं स्नान. फेस भक्तांनी केलेला नाही, तो वरच्या शहरांच्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा आहे. पण नदीत घाण सोडताना पाप लागेल अशी भीती कुणालाच वाटली नाही. मायच ती, सगळं पोटात घालते!

राईचं तसं नाही. राईला विटाळ होतो. तिथे वहाणा बाहेर, आवाज खाली. वाळकी काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही, पडलेलं झाड तिथेच कुजायचं. काही देवींना तर छप्परही चालत नाही. हाच धाक बाईच्या वाटेतही आडवा येतो, कित्येक रायांत तिला आत पाऊल टाकू देत नाहीत. ते मला मुळीच मान्य नाही आणि ते जायलाच हवं. पण कुऱ्हाडीवरचा धाक राहायला हवा. त्या धाकामुळेच दोन माणसांच्या कवेत न मावणारा किंजळ अजून उभा आहे, त्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, गारंबीचा मांडीएवढा वेल एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि झऱ्याला मे महिन्यातही पाणी असतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून अभ्यासल्या. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं की राई गेली तर आमचा ओढा आटेल. देवीचा कोप आणि ओढ्याचं पाणी ही दोन वेगळी कारणं आहेत असं त्या गावाला वाटत नव्हतं.

आता सिमेंट. या सदरात मी सिमेंटवर घसरतो म्हणून काही वाचक रागावतात, रागावोत. रामकुंड परिसरात गोदावरीच्या तळाला काँक्रीट केलं आणि नदीखालचे झरे बुजवले, तेही सिंहस्थाच्या सोयीसाठी, म्हणजे भक्तीच्याच नावाने. राईत स्लॅब पडला की तेच होणार. मिक्सर न्यायला रस्ता हवा, रस्त्याला झाडं आड येतात, सभामंडपावर पाचोळा नको म्हणून कडेची फांदी जाते, मग खोड. आणि चुलीला काटकी न नेणारं गाव या तोडीला सेवा म्हणतं.

मंडळाचे लोक सांगतात, देवीने कौल दिलाय. तो मी खोटा म्हणत नाही. पण कौलात गुरवाने देवीला विचारलं काय? देऊळ बांधू का, एवढंच. किंजळ पाडू का, झऱ्यावर फरशी घालू का, हे कुणी विचारलेलं नाही. गावकीने पुन्हा बसावं, एकेका झाडाजवळ उभं राहून त्याचं नाव घेऊन कौल लावावा. उजवा मिळेपर्यंत करवत गावाबाहेर ठेवावी.