आधी परवानगी, मग मधमाशीची परीक्षा?

१८ ऑक्टोबर २०२२ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने ‘डीएमएच-११’ या जनुकीय सुधारित संकरित मोहरीच्या पर्यावरणीय प्रसारणाची शिफारस केली. व्यापारी लागवडीपूर्वीचे बीजोत्पादन आणि चाचण्या हा तिचा हेतू. त्याच शिफारशीत म्हटले आहे की, मधमाश्या व इतर परागवाहकांवरील परिणामांचा अभ्यास प्रसारणानंतर दोन वर्षांच्या आत करावा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या ‘नंतर’ शब्दावर आक्षेप घ्यायलाच हवा.

मधमाशी नेमके काय करते, ते आधी पाहू. उडत्या मधमाशीच्या अंगावर धन विद्युतभार असतो. फुलाजवळ येताच परागकण तिच्याकडे ओढले जातात आणि अंगावरील शाखायुक्त केसांत अडकतात. मग ती पायांनी अंग विंचरते, ते कण मकरंदाने ओलसर करते आणि मागच्या पायांवरील परागटोपल्यांत त्यांचे गोळे भरते. हे गोळे पोळ्यातील पिलांच्या पोषणासाठी असतात. वनस्पतीच्या कामी येतात ते विंचरायचे राहून गेलेले कण. एका फेरीत मधमाशी बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, म्हणून ते योग्य कुक्षीवर पोहोचतात. मोहरी बव्हंशी स्वपरागित असली, तरी मधमाश्यांच्या भेटींनी तिचे उत्पादन वाढते.

आता डीएमएच-११कडे वळू. तिच्या मादी वाणातील ‘बार्नेज’ जनुक परागकण तयारच होऊ देत नाही. त्यामुळे बीजोत्पादनाच्या शेतात शेजारच्या ओळीतील पराग मधमाश्यांनी व वाऱ्याने आणून द्यावा लागतो. ज्या कीटकाच्या श्रमावर हे बियाणे तयार व्हायचे, त्याच्या आरोग्याचा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी!

समर्थक कॅनडाचा दाखला देतात. याच तंत्राने घडवलेली संकरित कॅनोला तेथे अनेक वर्षे पिकते आहे. आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, हेही खरे. दोन्ही मुद्दे गंभीर आहेत. परंतु आपल्या आग्या, सातेरी आणि फुलोरी माश्या कॅनडाच्या शेतांत नाहीत. त्यांच्याविषयीचा निष्कर्ष तेथून उसना आणता येणार नाही.

याहून मोठा दोष प्रयोगाच्या रचनेत आहे. मधमाशी अन्नासाठी दोन-तीन किलोमीटर सहज जाते आणि पराग सोबत नेते. पीक उघड्यावर आल्यावर तुलनेसाठी अबाधित शेत कोठून आणणार? आणि दोन वर्षांनी अपाय दिसलाच, तर शेजारच्या मोहरीत गेलेला जनुक परत कसा आणणार? ज्या अभ्यासाच्या उत्तराने निर्णय बदलू शकत नाही, त्याला सुरक्षा-चाचणी म्हणता येत नाही.

२३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत या मोहरीवरून मतभेद झाले; मात्र जनुकीय सुधारित पिकांसाठी राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचे एकमत होते. त्या धोरणात एक कलम निःसंदिग्ध असावे: परागवाहकांवरील अभ्यास परवानगीपूर्वी, जाळीबंद क्षेत्रात, देशी मधमाश्यांवर व्हावा आणि त्याची संपूर्ण आकडेवारी जनतेसमोर यावी. निष्कर्ष अनुकूल निघाला, तर मोहरीच्या समर्थकांना याहून भक्कम आधार कोणता मिळणार? मग ही परीक्षा आधी घेण्याची भीती कशाची?