थोडं थांबून बघू

या शनिवारी खरं तर डेटाबेस मायग्रेशनच्या गमतीजमती लिहायच्या होत्या. अर्धा लेख तयारही आहे. पण मंगळवारी जेवताना टीममधला एक मुलगा सहज म्हणाला, "धाकटा भाऊ साताऱ्याला असतो. हल्ली खोलीतून बाहेरच येत नाही. रात्रभर फेऱ्या मारतो, शेजारचे आपलं बोलणं रेकॉर्ड करतात म्हणतो. एप्रिलमध्ये परीक्षा आहे, ती होऊ दे. थोडं थांबून बघू."

माझा हातातला घास हातात राहिला. हे वाक्य मी आधी ऐकलंय. ऐकलंय कसलं, मी स्वतःच ते बोललोय, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजलीय. तेव्हा डेटाबेस पुढच्या शनिवारी. (त्या मुलाला विचारून लिहितोय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

माझा मावसभाऊ तासगावचा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, गणितात माझ्यापेक्षा दहा पट हुशार. सुट्टीत मी मावशीकडे गेलो की द्राक्षाच्या मांडवाखाली बसून मला कोडी घालायचा आणि मी हरलो की टाळ्या पिटायचा. कराडला इंजिनिअरिंगला होता. नंतर एकदा मी एक्सेल उघडून त्याच्या आजाराचा हिशेब मांडला. सवय, दुसरं काय! तो असा:

सप्टेंबर २०१५. गणपतीला घरी आला, आरतीला खोलीबाहेर आला नाही. रूममेट माझ्याविरुद्ध कट करतात, म्हणाला. काका म्हणाले, "आभ्यासाचं टेन्शन घेतलंय पोरानं. हुईल कमी."

जानेवारी २०१६. पेपरला बसला नाही. हॉस्टेल बदललं. खोली बदलली, कट तोच राहिला. चार महिने.

मे २०१६. एका डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला. सलाईन, ताकदीची इंजेक्शनं, झोपेच्या गोळ्या. तीन महिने.

ऑगस्ट २०१६. "बाहेरचं असंल." देवऋषी. पाच अमावास्या. त्या पाचांच्या सात झाल्या.

मार्च २०१७. लग्न. हो, लग्न! "जबाबदारी अंगावर पडली की सुधारतंय." मुलगी बघून आले. मुलीच्या आईने पोराचे डोळे बघितले आणि दोन दिवसांनी नकार कळवला. त्या बाईंचे उपकार कसे फेडायचे?

जून २०१७ ते नोव्हेंबर २०१७. हा कॉलम माझा. मी त्याला पुण्यात आणलं आणि जावाच्या क्लासला घातलं. "स्किल्स आल्या की कॉन्फिडन्स येईल" असं मी मावशीला फोनवर सांगितलं. तो रात्री भिंतीशी बोलायचा. मी कानात हेडफोन घालून डिप्लॉयमेंट करायचो. पाच महिन्यांनी मी त्याला स्वारगेटवरून सांगलीच्या एस्टीत बसवून दिलं.

डिसेंबर २०१७. रात्री घरातून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मिरज स्टेशनवर सापडला. तिथला पोलीस शिपाई काकांना म्हणाला, "ह्याला मनाच्या डॉक्टरला दाखवा. आजच दाखवा."

सत्तावीस महिने. एक इंजिनिअर, दोन शिक्षक, एक बँकेतला मामा, एक डॉक्टर आणि एक देवऋषी, एवढ्यांच्या तोंडून जे वाक्य निघालं नाही ते एका शिपायाने पाच मिनिटांत सांगितलं. आणि सापडला कुठे, तर मिरजेत! जिथे १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जिथे निम्म्या कर्नाटकातून लोक उपचाराला येतात. आमच्या घरापासून तासाभराचा रस्ता. तो तास कापायला आम्हाला सत्तावीस महिने लागले.

मी इमोशनल होतोय असं वाटत असेल तर आकडे बघू.

भास, संशय, वास्तवाशी सुटलेला संबंध या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. पहिलं लक्षण ते पहिला योग्य उपचार यातला काळ संशोधक मोजतात. हा काळ जितका लांब, तितकी पुढे लक्षणं कमी व्हायची शक्यता घटते आणि माणूस शिक्षण-नोकरी-मैत्रीत परत उभा राहणं अवघड होतं, असं २००५ पासूनचे मोठे आढावे सांगत आलेत. अमेरिकेत २१ राज्यांतल्या ३४ दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर एक अभ्यास झाला, निकाल २०१५ मध्ये आले. औषध, समुपदेशन, कुटुंबाला शिक्षण, नोकरीसाठी मदत असं सगळं एकत्र दिलं तर फायदा होतो हे दिसलं. पण ज्यांचा विनाउपचार काळ ७४ आठवड्यांपेक्षा कमी होता त्यांना फायदा बराच जास्त झाला. आमचे सत्तावीस महिने म्हणजे ११७ आठवडे.

इथे तुमच्यातला कोणीतरी हुशार माणूस म्हणेल, "कोरिलेशन म्हणजे कॉजेशन नव्हे." बरोबर आहे. काही संशोधकही म्हणतात की जो आजार मुळातच चोरपावलांनी येतो तो उशिरा ओळखला जातो आणि बराही उशिरा होतो, म्हणजे दोष उशिराचा नसून आजाराच्या जातीचा. शंका रास्त आहे. म्हणूनच मला नॉर्वेतला प्रयोग महत्त्वाचा वाटतो. तिथल्या रोगालांड जिल्ह्यात १९९७ पासून वर्तमानपत्रं, रेडिओ, सिनेमागृहं, शाळा सगळीकडे जाहिराती केल्या : ही लक्षणं दिसली तर या नंबरवर फोन करा. फोन आला की टीम लगेच तपासायची. आधी विनाउपचार काळाचा मध्यमान २६ आठवडे होता, तो ५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या भागांत उपचार तेच होते, फक्त ही शोधमोहीम नव्हती. दहा वर्षांनी बघितलं तर मोहिमेच्या भागातले सुमारे ३१ टक्के रुग्ण पूर्ण सावरलेले होते, दुसरीकडे १५ टक्के. आणि जाहिराती बंद केल्यावर? पाचाचे परत १५ आठवडे झाले. औषध तेच, डॉक्टर तेच. फरक पडला तो लोकांना माहीत असण्याचा आणि फोन उचलण्याचा.

मेंदूत नेमकं काय बिघडतं यावर तज्ज्ञ वाद घालतील, घालू देत. उशिराचं नुकसान बघायला मायक्रोस्कोप लागत नाही. हा आजार साधारण अठरा ते पंचविशीत गाठतो. म्हणजे डिग्री, पहिली नोकरी, मित्र, प्रेम, सगळं जमायचं तेच वय. सत्तावीस महिन्यांत भावाची तीन वर्षं बुडाली, मित्रांनी नंबर ब्लॉक केले, गावात "डोक्यानं गेलंय" हे नाव पडलं, काकांनी द्राक्षबागेचा एक तुकडा विकला. औषधाने भास सहा-सात आठवड्यांत ओसरले. मित्र आणि बाग काही गोळीने परत येत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हा अंधश्रद्धेचा प्रश्न आहे, खेड्यातला. आपण शिकलेले. इथेच माझं भांडण आहे!

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. विलिंग्डनला शिकले, डॉक्टर झाले मिरजेत. म्हणजे याच दोन जिल्ह्यांच्या मातीतला माणूस. भूतबाधा उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, उपचारांपासून रोखून अघोरी प्रकारांकडे वळवणं हे गुन्हे ठरावेत म्हणून ते वर्षानुवर्षं लढले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. देवऋषीसाठी कायदा आहे. ठीक.

पण माझी एक्सेल शीट परत बघा. सत्तावीसातले देवऋषीचे सात. उरलेले वीस शिकल्यासवरलेल्यांचे! टेन्शन, अशक्तपणा, लग्न, जावा क्लास. यातल्या कशावर कायदा करणार? "लोक काय म्हणतील" हा आपला देवऋषी आहे. "पॉझिटिव्ह विचार कर" हा आपला अंगारा आहे. जिम लाव, ट्रेकला चल, विपश्यना कर, सोशल मीडिया बंद कर... हे सगळं चांगलंच आहे हो, पण ज्याला भिंतीतून आवाज येतात त्याला कळसूबाईवर नेऊन आवाज थांबत नाहीत. ते तिथेही येतात.

आपण कोण माणसं आहोत बघा. रात्री दोनला पेजर वाजला तर पंधरा मिनिटांत कॉलवर. सर्व्हर चार मिनिटं बंद राहिला तर तीन पानी अहवाल : कधी कळलं, कळायला उशीर का झाला, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. आणि घरातलं माणूस दोन वर्षं बंद पडलेलं असताना? "थोडं थांबून बघू."

बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यांत. महाराष्ट्र त्यात नव्हता. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना आहेत असं निघालं. व्यवस्था कमी पडते हे खरंच. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. साताऱ्यात किंवा सांगलीत एकही नाही. सरकारला शिव्या घालायच्या तर मीही पुढे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणं हा हक्क केलाय, तो मागायलाच हवा. पण एक लक्षात घ्या, सुरुवातीला बहुतेकांना मनोरुग्णालय लागतच नाही. ओपीडी लागते. मानसोपचारतज्ज्ञ सांगली-मिरजेत आहेत, साताऱ्यात आहेत. फी आपल्या एका वीकांताच्या हॉटेलबिलाहून कमी. आमच्या घरात अडलं होतं ते पैशावर किंवा अंतरावर नव्हतं.

"गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात." काहींना बरीच वर्षं लागतात, काहींच्या डॉक्टर हळूहळू कमी करतात. माझे वडील बारा वर्षं बीपीची गोळी घेतात, त्यांच्याबद्दल कोणी गल्लीत कुजबुजत नाही. "गोळ्यांनी माणूस सुस्त होतो." होतो कधीकधी, वजनही वाढतं. डॉक्टरांना सांगायचं, ते डोस किंवा औषध बदलतात. "शिक्का बसतो." शिक्का केव्हा बसला माहितीय? तो मिरज स्टेशनवर अनवाणी सापडला तेव्हा. सत्तावीस महिने आधी ओपीडीत गेला असता तर गल्लीला कळलंही नसतं.

आणि ज्यांच्या घरी आधीच उशीर झालाय त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. उशीर झाला म्हणजे संपलं, असं अजिबात नाही. माझा भाऊ आज तासगावात एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला हिशेब बघतो. पेट्या, वजनं, भाडं सगळं चोख. गोळी स्वतःच्या हाताने घेतो. मागच्या दिवाळीत मी त्याला लहानपणचं एक कोडं घातलं. बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "दादा, पूर्वी यायचं रे मला हे." आणि हसला. मला हसता आलं नाही.

ते कोडं त्याला आज आलं असतं का? छातीठोक कोणी सांगू शकणार नाही. पण जे पाच महिने माझ्या खोलीत गेले ते माझ्या नावावर आहेत, आणि ते मी कुठल्याही देवऋषीच्या खात्यात ढकलू शकत नाही.

तर मंडळी, सांगायचं एवढंच. घरात कोणी नसलेले आवाज ऐकतंय, विनाकारण संशय घेतंय, झोप उडालीय, अंघोळ-कॉलेज-मित्र सुटलेत, असं दिसलं तर निदान तुम्ही करू नका, आणि वाटही बघू नका. कॅलेंडरवर आजच्या तारखेला खूण करा आणि आठवडा उलटायच्या आत मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आणि फुकट, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलतात. आईवडिलांना फोनवर सल्ले देऊ नका. रजा टाका, गाडीत बसा, गावाला जा, स्वतः घेऊन जा. पुण्यातून फोनवरून सल्ले मीही भरपूर दिले होते.

टीममधल्या त्या मुलाला मी हे सगळं जेवणाच्या टेबलावरच सांगितलं. आधी तो वैतागला, मग गप्प झाला. काल संध्याकाळी त्याचा मेसेज आला : सोमवारी सकाळी अकराची अपॉइंटमेंट मिळालीय, साताऱ्यात. भाऊ यायला तयार नाही, झोप येत नाही त्यासाठी चल म्हटलं तर येईन म्हणतोय. एवढंही पुष्कळ आहे.

सोमवारी आमचं रिलीज आहे. मॅनेजरला सांगितलंय, आम्ही दोघंही नाही. रिलीज थांबू दे थोडं.