खालच्या टेबलावर

आमच्या वस्तीतील एक बंधू अंबडच्या कंपनीत कामाला आहेत. मोबाईलवर पोकर खेळता खेळता त्यांचे दीड लाख गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा घरच्यांना हायसे वाटले. पण हे म्हणू लागले, "पतपेढीतून तीन लाख काढतो, छोटा हत्ती घेतो, वर्षात सगळं भरून काढतो." वहिनी कागद घेऊन आमच्याकडे आल्या. मागोमाग तेही आले.

आम्ही विचारले, तुमच्या पोकरमधले पक्के खेळाडू हरल्यावर काय करतात? त्यांनीच सांगितले. एका बैठकीला लागणाऱ्या रकमेच्या वीस-तीस पट पैसा ते बाळगतात. तो घटला की मोठे टेबल सोडून लहान टेबलावर बसतात. गंगाजळी भरली तरच पुन्हा वर.

"मग तुम्ही का नाही उतरलात?"

"लाज वाटली."

समोरचा दिसत नाही, नावही खोटे, तरी लाज! जुगाराचे समर्थन आम्ही करणार नाही, पण हा हिशेब खरा आहे.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सामानाची बोट बुडाली. बडोद्याला नोकरी होती, पण जातीपायी राहायला जागा मिळेना. मुंबईत गुंतवणूक-सल्ल्याचा धंदा काढला, तर जात कळताच गिऱ्हाईक तुटले. त्यांनी शिकवण्या केल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली. कोलंबियात शिकलेला माणूस परळच्या चाळीत राहून पगारातून पैसा बाजूला टाकत होता. १९२० साली ती शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कर्ज त्यांनीही काढले, पण आधी शिल्लक, मग कर्ज. हा क्रम आमच्या बंधूंनी उलटा धरला होता.

मग कागद पुढे ओढला. दीड लाख बुडीत खाती लिहिले आणि खाली रेघ मारली. चालू भिशी संपली की पाच हजारांऐवजी पाचशेच्या गटात जायचे. मोटारसायकल विकायची, कंपनीच्या बसने जायचे. छोटा हत्ती दोन वर्षे नाही. मुलीची शिकवणी मात्र तशीच चालू.

वहिनी म्हणाल्या, "दादा, गाडी कुठं गेली असं सासूबाई विचारतील. काय सांगू?"

बंधू कागदाकडेच पाहत होते. म्हणाले, "आईला मी सांगतो."