गाडी राहू द्या, आधी पाने शोधा!

जुन्या गाडीसोबत फोटो सगळेच काढतात. पण तिच्या डिकीतली कंपनीनं दिलेली पाना-पक्कड कुठं गेली, हे कुणी विचारत नाही. ती सध्या भंगारात चालली आहे, किलोच्या भावानं. आणि एकटी जात नाहीये!

राजेहो, एक काम करा. तुमच्या गावात, नात्यात, ओळखीत एखादी जुनी गाडी असेलच. वाड्याच्या दाराशी उभी असलेली जीप, एखाद्या डॉक्टरकाकांची फियाट, नाहीतर जिनिंगच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली अॅम्बेसेडर. लग्नसराईत तिला हार घालतात, पोरंपोरी बॉनेटला टेकून रील काढतात. पुढच्या वेळी तिथं गेलात तर बॉनेटकडं जाऊ नका. मागं जा, डिकी उघडायला सांगा आणि विचारा, "काका, हिचं टूल किट आहे का?"

बहुतेक ठिकाणी काका आधी हसतील. मग म्हणतील, होतं खरं, पण आता कुठं असेल कोण जाणे. एखादा पाना ट्रॅक्टरच्या पेटीत निघेल, पक्कड स्वयंपाकघरात गॅसच्या नळीपाशी. हँडल गोठ्यात खुंटी म्हणून ठोकलेलं असेल. बाकीचं भंगारवाल्याच्या काट्यावर गेलेलं.

जगभरात लोक हेच शोधत फिरतात. जुन्या गाड्यांसोबत कंपनीनं जे मूळ टूल किट दिलं होतं, ते एकेक पाना करत पुन्हा जमवायचं, हा एक पक्का छंद आहे. मला विचाराल तर आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजच्या पोरांनी करावा असा छंद आहे. त्यासाठी गाडी विकत घ्यावी लागत नाही, डोळे उघडे ठेवावे लागतात आणि मिस्त्रींशी बोलावं लागतं. पण हे काम आत्ताच करायला हवं. ते का, तेही सांगतो.

त्या गुंडाळीत काय असायचं?

कॅनव्हासची किंवा रेक्झिनची एक गुंडाळी, आत शिवलेले कप्पे. कप्प्यांत दोन-तीन फिक्स पाने, प्लग पाना, तो फिरवायला टॉमी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. सोबत जॅक, चाकाचा पाना आणि जीप-अॅम्बेसेडरसारख्या गाड्यांना हँडल. काही गाड्यांत पॉइंटची फट मोजायला फिलर गेज, काहींत ग्रीस गन. कुठल्या गाडीत नेमकं काय, याची यादी बहुतेक वेळा गाडीच्या पुस्तिकेत असायची.

हँडल म्हणजे काय, हे तुमच्यातल्या अनेकांना फक्त जुन्या सिनेमांतून माहीत असेल. बॅटरी बसली, सेल घेईना, की ते समोरून बंपरखालच्या भोकात घालून इंजिन हातानं फिरवायचं. त्यातही एक शहाणपण होतं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला वेढा घालायचा नाही. इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा किंवा मनगट मोडायचं. हे ज्यांना हातानं शिकवलं गेलं, ती माणसं आता सत्तरीत आहेत. हँडल भंगारात गेलं की हे सांगायची वेळही येत नाही.

पाना वाचता येतो

पाना म्हणजे नुसतं लोखंड नाही. त्यावर आकडा असतो आणि त्या आकड्यात आपल्या देशाचा थोडा इतिहास असतो.

विलिस घडणीची जुनी जीप अमेरिकन, म्हणून तिचे नट-बोल्ट इंचांत. मिस्त्रींच्या भाषेत सुतात, म्हणजे चार सूत झाले की अर्धा इंच. फियाट इटालियन, तिचं सगळं मिलीमीटरमध्ये, आपला 'दहा-अकरा' आणि 'बारा-तेरा' तिथं चालतो. अॅम्बेसेडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून तिथंही इंच. पण १९९० च्या दशकात तिच्यात जपानी इसुझूचं इंजिन आलं आणि त्याच्यासोबत मिलीमीटरचे बोल्टही आले. भारतानं मेट्रिक मापांचा कायदा केला १९५६ मध्ये. गॅरेजमध्ये मात्र इंच आणि मिलीमीटर पुढची कितीतरी वर्षं एकाच पेटीत नांदले.

आता गंमत बघा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलीमीटर. त्यावर तेरा नंबरचा पाना बसतो, पण किंचित सैल. घट्ट नटावर जोर लावला की पाना घसरतो, नटाचे कोपरे मारले जातात आणि मग छिन्नी-हातोडीशिवाय पर्याय उरत नाही. मूळ किटमधला पाना त्या नटासाठीच घडवलेला असतो. म्हणून 'ओरिजिनल' हा शब्द इथं नुसत्या हौसेचा नाही.

आणखी एक. जुन्या विलिस जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असायचे. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत, हा त्यामागचा विचार. ज्याला हे ठाऊक नाही तो नट सोडवायच्या नादात आणखी आवळतो आणि शेवटी बोल्टच तोडतो. यूट्यूबवर हे कदाचित सापडेल. पण कुठला नट उलटा आहे हे पाहण्याआधी, नट उलटाही असू शकतो ही शंका यायला हवी. ती जाणत्या माणसाजवळ बसूनच येते.

कंपनीचा मालकावर विश्वास

आता मुद्द्यावर येतो. टूल किट म्हणजे कंपनीनं गाडीच्या मालकाला दिलेला एक शब्द होता. ही गाडी बिघडेल. बिघडली की तू ती उघडू शकतोस, तुला ते जमेल आणि त्यासाठी लागतं ते आम्ही सोबत दिलंय.

राजूर घाटात रात्री गाडी बंद पडली तर मदत कुठून यायची? बुलडाणा वर राहिलं, मलकापूर खाली. मोबाईल नाही, टोइंग नाही. मग बॉनेट उघडायचं, प्लग काढून पुसायचा, पॉइंट साफ करायचा, पंक्चर चाक बदलायचं. स्टेपनी असायचीच. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. तिथं १९०४ च्या सुमाराला हे जादा चाक बनवायला लागले. त्यांच्या कंपनीचं नाव आपल्या गॅरेजमध्ये आजही रोज घेतलं जातं.

आजची गाडी बघा. २०२० मध्ये केंद्रानं नियम बदलला. टायर ट्यूबलेस असतील, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. बॉनेट उघडलं तर वर प्लास्टिकचं झाकण. प्लग कुठंय, बघायलाही मिळत नाही.

मी 'जुनं ते सोनं' म्हणणारा नाही. नव्या गाड्या जास्त सुरक्षित आहेत, वाटेत कमी बंद पडतात, धूर कमी सोडतात. हँडल मारून मनगट मोडून घ्यावं, असं कुणालाच वाटत नाही. पण या सोयीबरोबर एक गोष्ट गुपचूप गेली. वस्तू आपण विकत घेतो, पण ती उघडायचा अधिकार आपल्याकडं राहत नाही. तुमच्या मोबाईलचं तेच, मागचं झाकण नखानं निघायचं ते दिवस गेले. आता बॅटरी बदलायला सर्व्हिस सेंटर. सरकारनंही २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केलं. त्यात गाड्या आहेत, शेतीची यंत्रं आहेत, मोबाईलही आहेत. पण हा हक्क मागायचा तर तो कधीतरी आपल्याकडं होता, याचा पुरावा हवा ना? तो पुरावा त्या कॅनव्हासच्या गुंडाळीत आहे.

श्रीमंतांचा छंद?

हा आक्षेप येणारच आणि तो अगदीच खोटा नाही. परदेशात जुन्या फेरारीचं मूळ टूल किट काही लाख रुपयांना विकलं जातं. जॅग्वारच्या मार्क सेव्हन या मॉडेलमध्ये पुढच्या दारांतच अवजारांचे कप्पे बसवलेले होते. त्यातला एक पाना कमी असला तरी संग्राहक अस्वस्थ होतात. आणि जिथं पैसा, तिथं नक्कल. नवा पाना घडवायचा, आम्लात बुडवून जुना दिसेल असा करायचा, वर खोटा शिक्का मारायचा.

पण आपल्याला फेरारी कुठं हवी आहे? आपल्याला जीप, फियाट, अॅम्बेसेडर, राजदूत, चेतक पुरे. आणि अस्सल-नक्कल ओळखायचं आपल्या जिल्ह्याला काय सांगायचं! खामगावचं चांदीचं नाव शुद्धतेवर उभं आहे. तिथला जाणकार चकाकीला भुलत नाही. तो शिक्का बघतो, वजन बघतो, घासून बघतो. पान्याचंही तसंच. शिक्का कुणाचा, आकडा इंचाचा की मिलीमीटरचा, पुस्तिकेतल्या यादीशी जुळतो का? डिकीतली पक्कड टपारियाची निघाली तर ती नाशिकची, कामाला उत्तम. पण कंपनीच्या यादीत ती नसेल तर मूळची नाही, मागाहून आलेली. ती फेकू नका. 'ही नंतरची' एवढं लिहून ठेवा. तोही त्या गाडीचा इतिहासच आहे.

मला खरी भीती वेगळीच वाटते. बाहेरचा कुणीतरी येतो, म्हाताऱ्या मिस्त्रींच्या पेटीतले जुने पाने भंगाराच्या भावानं उचलतो आणि शहरात दसपट किमतीला विकतो. याला छंद म्हणत नाहीत. वस्तूची किंमत आपल्याला माहीत आणि समोरच्याला नाही, तर ती आधी सांगायची. मग सौदा.

वेळ थोडा का आहे?

एक, गाड्या वेगानं भंगारात जात आहेत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या स्क्रॅपला जातात. प्रदूषणाच्या दृष्टीनं ते ठीकच. पण कार्यालयांच्या आवारात उभ्या असलेल्या जुन्या गाड्या डिकीतल्या सामानासकट गेल्या तर परत काही मिळणार नाही.

दोन, पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायचा नियम २०२१ मध्ये आला. त्यासाठी 'व्हीए' अक्षरांची नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार. चेसिस, बॉडी, इंजिन मूळ रूपात हवं, असं नियम म्हणतो. पाना-पक्कडीचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे गाडीला कायद्यानं थोडं तरी वाचवलंय. तिच्या अवजारांना वाचवणारे आपणच.

तीन, सगळ्यात महत्त्वाचं. पाना अजून पन्नास वर्षं गंजत पडेल, पण तो कशाचा आहे हे सांगणारा मिस्त्री तितका थांबणार नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. शेगाव-खामगावच्या इंजिनीअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांत, तालुक्याच्या आयटीआयमध्ये एकेक काचेचं कपाट ठेवा. त्यात जिल्ह्यातल्या गाड्यांची मूळ टूल किट्स, प्रत्येक पान्याखाली चिठ्ठी: माप, गाडी, काम, कुणी दिला. सरकारी गाडी स्क्रॅपला जाण्याआधी तिची डिकी उघडून किट कॉलेजला द्यावं, असं पत्र तुमच्या विभागप्रमुखांमार्फत पाठवा. खर्च म्हणाल तर एका कपाटाचा.

सुरुवात अशी करा

- घरापासून शोधा. माळा, कोठीची खोली, ट्रॅक्टरची पेटी, वडिलांच्या चेतकची डिकी.
- गाडीची पुस्तिका मिळाली तर टूल किटचं पान आधी फोटो काढून ठेवा. यादी नसेल तर जमवाजमव आंधळी होते.
- गंज काढायला पाना डिझेलमध्ये भिजवा, पितळी ब्रशनं घासा, तेलाचा हात द्या. ग्राइंडर लावू नका, क्रोम चढवू नका. शिक्का गेला की पुरावा गेला.
- गाडी धडधाकट आणि किट तिच्यातच असेल, तर हात लावू नका. फोटो काढा, नोंद करा. किटचं खरं घर ती डिकीच.
- मिस्त्रींना विचारा आणि रेकॉर्ड करा. त्यांचं नाव लिहा. वस्तू घेतली तर योग्य पैसे द्या.

खंडेनवमीला आपल्याकडं प्रत्येक गॅरेजमध्ये अवजारं धुऊन-पुसून मांडतात, हळद-कुंकू वाहतात. त्या दिवशी पेटीच्या तळाचे पानेही वर येतात, जे वर्षभर कुणी बघत नाही. यंदा त्या दिवशी तुमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये जा. प्रसाद घ्या, मिस्त्रींच्या शेजारी बसा आणि सगळ्यात जुना पाना उचलून विचारा, "हा कशाचा हो?"

पुढचे दोन तास मोकळे ठेवा. लागतील.