पिवळी नळी

मराठीच्या प्राध्यापकाने चाळिशी उलटल्यावर समुद्राच्या तळाशी जावे, हे आमच्या स्टाफरूमला अजून पटलेले नाही. तारकर्लीला मी पाणबुडीचे शिक्षण घेतले, त्याला चार वर्षे झाली. तेव्हा माझे थोरले मेहुणे अण्णा यांनी आपला रेग्युलेटर मला दिला. अण्णा जहाजावर होते. १९८८ साली त्यांनी तो सिंगापुरात घेतला. भक्कम पितळ, वर क्रोमचा मुलामा. हातात घेतला की आजीच्या अडकित्त्याची आठवण व्हावी!

वाचकहो, हे यंत्र करते काय? पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा वातावरणाच्या सुमारे दोनशेपट दाबाने कोंडलेली असते. ती सरळ तोंडात आली तर पाणबुड्याचे काही खरे नाही. रेग्युलेटर तो दाब दोन टप्प्यांत उतरवतो आणि भोवतालच्या पाण्याइतका करून, तुम्ही श्वास ओढाल तेवढीच हवा देतो. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे साधले. गान्यांची मूळ झडप होती मोटारीसाठी. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून गॅसवर गाडी चालवायची खटपट!

तर यंदा पावसाळा सरल्यावर अण्णांचा रेग्युलेटर मालवणच्या एका जाणकार तरुणाकडे तपासायला नेला. त्याने तो खोलून मांडला. "सर, पितळ म्हातारं होत नाही, म्हातारं होतं ते रबर. वायसर, पडदा, नळ्या बदलू. तीन-चार हजारांत काम होईल." नव्याला चाळीस हजारांच्या आसपास. मी मनातल्या मनात सुस्कारा सोडला. तेवढ्यात त्याने विचारले, "खाली एकटेच जाता ना?"

एकटा कसा? या डिसेंबरात माझी लेक प्रथमच माझ्याबरोबर उतरणार आहे.

मग त्याने नीट उलगडून सांगितले. हा जुन्या बांधणीचा. सिलिंडरमधली हवा कमी होत जाते तसा यात श्वास ओढायला जड जातो. खोलीवर हवा दाटही होते; दहा मीटरवर दाब दुप्पट, वीसवर तिप्पट. एकट्याने सावकाश जावे तर निभते. पण जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायला तोंडात धरायचा दुसरा तुकडा लागतो. त्याला ऑक्टोपस म्हणतात. तो जोडायला यात भोक शिल्लक नाही. आणि जोडलाच, तरी सिलिंडर संपत आल्यावर दोघे घाबरून एकदम हवा ओढू लागले की हे जुने यंत्र पुरे पडेलच, अशी हमी तो देईना.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, साड्यांवर काटकसर करा, श्वासावर नको." (साड्यांवर तिने कधी करू दिली, हा प्रश्न मी विचारला नाही.) खरी अडचण अण्णांची होती. भेट दिलेली वस्तू बाजूला ठेवायची, तर त्यांना सांगायचे कसे? दोन दिवस टाळले आणि शेवटी फोन केला.

पलीकडे बराच वेळ शांतता.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "आमच्या वेळी हा एकच तुकडा आळीपाळीने तोंडात धरायचा. दोन श्वास त्याचे, दोन आपले. मी एकदाच केलंय. माझ्या सोबत्यानं तिसरा श्वास घेतला, चौथा घेतला. परत देईचना. त्याचा दोष नव्हता हो. मी हिसकावला तेव्हा कुठे आम्ही दोघे वर आलो. तुमच्या ताईलासुद्धा हे कधी बोललो नाही."

मी काय बोलणार?

"नवा घ्या. आणि माझा विकू नका हं."

विकणार नाही. त्याचे रबर बदलून घेतो आहे. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मी एकटा पोहेन तेव्हा उपयोगी पडेल, असे सौ.ला सांगितले आहे. नव्याची मागणी काल नोंदवली. जोडीदाराची नळी लांबून दिसावी म्हणून पिवळी असते. लेकीने ते चित्र पाहिले आणि म्हणाली, "बाबा, ही माझी ना?"

"हो," मी म्हणालो. "पण वर येईपर्यंत मागू नकोस म्हणजे झालं."